टॉवर होईपर्यंत थांबू नका: आहे त्या खोलीत सुखानं राहायची रीत

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, वडाळा डेपोला. आता रिटायर. राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत, एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत. ज्यांना या चाळी माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. १९२०च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं त्या बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांबच लांब पॅसेज, दोन्ही अंगाला खोल्या, आणि संडास सगळ्यांचे मिळून टोकाला. आता वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाला टॉवर होतायत, तिथल्या प्रत्येक कुटुंबाला पाचशे चौरस फुटांचं घर मिळणार आहे. २०१७ साली भूमिपूजन झालं, २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या घरांच्या चाव्या दिल्या. आमचा नंबर अजून लागायचाय.

तर आमच्या पॅसेजमध्ये एक आजार आहे, त्याचं नाव ‘घर झालं की’. घर झालं की पलंग घेऊ. घर झालं की सोयऱ्यांना जेवायला बोलवू. घर झालं की मोरीचा नळ बदलू, आता कशाला खर्च. घर झालं की मुलाचं लग्न. एका आजींनी तर गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा घर झाल्यावर ठेवलं होतं. तुम्ही टॉवरमध्ये राहत असाल तर हसू नका. तुमच्याकडे ‘प्रमोशन झालं की’ असेल, ‘मुलगी दहावी झाली की’ असेल, नाहीतर ‘लोन फिटलं की’ असेल. रोग तोच, फक्त मजला वेगळा.

इच्छा सोडा, वर्तमानात जगा, हे सांगणारे खूप आहेत. कसं, ते कुणी सांगत नाही. मी धम्म मानणारा माणूस, विहारात जातो, पण प्रवचन देणारा नाही. मला जे करून पाहता आलं ते सांगतो.

पहिलं काम वहीचं. घरातल्या एखाद्या जुन्या वहीची मागची पानं घ्या आणि ‘अमुक झालं की’ म्हणून जे जे पुढं ढकललंय ते सगळं लिहून काढा. एका बैठकीत होत नाही. चार दिवस वही गॅसच्या ओट्यापाशी ठेवा, आठवेल तसं लिहा, घरातल्या माणसांनाही लिहू द्या. मग एकेका ओळीपुढं विचारा, याला खरंच घर लागतं का? आमच्या यादीत पलंगाला घर लागत होतं, दुमत नाही, इथं पलंग ठेवला तर आम्हाला पॅसेजमध्ये झोपावं लागेल. नळाला घर लागत नव्हतं, प्लंबर लागत होता. सोयऱ्यांना जेवायला बोलवायला चटया लागत होत्या. आजींच्या ऑपरेशनची अडचण खरी होती, ऑपरेशननंतर खाली बसता येत नाही आणि इथले संडास भारतीय पद्धतीचे. पण त्या संडासावर ठेवायचं कमोड स्टूल मिळतं, सर्जिकलच्या दुकानात. नातू ते उचलून पुढं जायचा, आजी काठी टेकत मागून. ऑपरेशन झालं, आजी आता आमच्याआधी दुधाच्या रांगेत असतात.

आमच्या यादीत सगळ्यात जड ओळ निघाली ती डिनर सेटची. मिसेसनं कधीकाळी क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूनं काचेचा सेट आणला होता, पांढरा, काठाला निळी फुलं. टॉवरमधल्या डायनिंग टेबलासाठी. तेव्हापासून तो पोटमाळ्यावर, खोक्यात. शिडी लावून उतरवला, तर प्रत्येक ताट वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, कागद पिवळा पडून कडेनं भुगा होत चाललेला. एका पानावर मोबाईलची जाहिरात होती, बटणांचा फोन, आज भंगारवालाही घेणार नाही असा. म्हणजे ताटं नवी राहिली होती, जग मात्र जुनं होऊन गेलं होतं. मिसेस म्हणाली, “रोज वापरल्यावर फुटतील की.” म्हटलं, “फुटू देत.” त्या दिवशी मंगळवार होता, सण ना वार, पिठलं-भाकरी होती. काचेच्या ताटात पिठलं जरा पसरतं, स्टीलच्या ताटासारखं कडेला अडत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. पुढं एक वाटी मोरीच्या कडाप्प्यावर आपटून गेली. आता आमचा पाच वाट्यांचा सेट आहे. सहावा पाहुणा आला तर त्याला स्टीलची वाटी मिळते, आणि बहुतेक वेळा ती मीच घेतो.

ज्या ओळी खरंच थांबायला लागणाऱ्या आहेत, त्यांवर काट मारू नका. त्या तशाच ठेवा, वही मिटा. काहीच नको असं म्हणून बसायला मी सांगत नाहीये. म्हाडाच्या सोडतीचा फॉर्म भरायचा तर भरावा, अनामत भरावी, कागद नीट जोडावेत. फॉर्म भरून झाल्यावर पडद्याचं माप घेऊ नये, एवढंच. सोडतीत नाव नाही आलं तर अनामत परत मिळते. पडद्याच्या कल्पनेत घातलेल्या रात्री कुणी परत देत नाही.

आता नव्यानं उगवणाऱ्या इच्छांचं बघू. यांना मी तिकीट विचारतो. कंडक्टरला माणूस ओळखायची गरज नसते, दोनच गोष्टी कळल्या की पुरे, कुठून चढलात आणि कुठं उतरणार. इच्छेलाही तेच विचारायचं. कुठून? म्हणजे ही माझ्या डोक्यात आली कुठल्या स्टॉपला? पोटातून आली, गरजेतून आली, की मेहुण्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस बघून? खारघरच्या मेहुण्यानं बाल्कनीत झोपाळा लावला, फोटो टाकला. माझ्या घराला बाल्कनीच नाही, तरी मला तीन दिवस झोपाळा हवासा वाटत होता. ही इच्छा माझी नव्हतीच, ती खारघरला चढली होती. मग कुठं? म्हणजे मिळाल्यावर ही उतरणार आहे का? भूक लागली, जेवलो, संपलं, ती उतरली. नवा फोन मिळाल्यावर मात्र ती उतरत नाही, पुढच्या मॉडेलला जाऊन बसते. बसमध्ये मी हे रोज बघायचो. माणूस उभा असतो तेव्हा त्याला कुठलीही सीट चालते. सीट मिळाली की नजर खिडकीवर. खिडकी मिळाली की म्हणतो, कंडक्टर, या बाजूला ऊन येतंय.

जिला उतरायचा स्टॉप सांगता येत नाही, त्या इच्छेसाठी आमच्याकडे कालनिर्णयाचं पान आहे. दाराच्या मागं खिळ्याला लटकतं ते. एखादी वस्तू घ्यावीशी वाटली, आणि ती औषध किंवा रेशन नाही, तर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायची. मिक्सर. बूट. स्मार्ट टीव्ही. घ्यायची नाही, नाही म्हणायचंही नाही. महिना उलटून नवं पान आलं की जुनं बघायचं. ती वस्तू अजून हवीशी वाटली तर पुढच्या पानावर उतरवायची, आणि तेही पान उलटलं तरी हवी असेल तर पैसे मोजून आणायची, हप्त्यावर नाही. मिक्सर आम्ही असाच आणला. टीव्ही पहिल्या पानावरच राहिला. मजा अशी की, बऱ्याच नोंदी वाचून आम्ही दोघं एकमेकांना विचारतो, हे कुणी लिहिलं?

हप्त्यावर नाही, हे मी मुद्दाम म्हणालो. बुद्धांनी अनाथपिंडिक नावाच्या श्रीमंत गृहस्थाला संसारी माणसाची चार सुखं सांगितली आहेत. कष्टाची संपत्ती असण्याचं सुख, ती उपभोगण्याचं आणि दानधर्म करण्याचं सुख, कुणाचं देणं नसण्याचं सुख, आणि आपल्या वागण्यात दोष नसण्याचं सुख. म्हणजे ज्यांनी तृष्णा हे दुःखाचं मूळ म्हटलं, त्यांनीच घरगृहस्थी करणाऱ्याला कमवू नको असं म्हटलं नाही. त्यातलं तिसरं सुख आज मुंबईत सगळ्यात महाग झालंय. आमच्या मजल्यावरच्या एका पोरानं फोन हप्त्यावर घेतला. पगाराच्या तारखेला मेसेज वाजला की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. फोन खिशात आहे, पण तो वाजला की पोरगा दचकतो.

आता बैठकीचं. याला लोक घाबरतात, त्यांना वाटतं डोंगरावर जायला हवं. इगतपुरीला धम्मगिरीत सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर असतं. पहाटे चारला घंटा, बोलणं बंद, मोबाईल जमा. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं. सुरुवातीचे दिवस फक्त येणारा-जाणारा श्वास बघायचा, त्याला आनापान म्हणतात, आणि मग अंगावरच्या संवेदना. जमलं तर जा. नाही जमलं तर घरातल्या घरात एवढं करा. पाठ न टेकवता ताठ बसा, डोळे मिटा, नाकपुड्यांच्या तोंडाशी श्वास लागतो तिथं लक्ष ठेवा. तो लांब करू नका, खोल करू नका, आहे तसा असू द्या. मन पळेल. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजेल, कुणाच्या घरात काय शिजतंय ते ओळखेल. कळलं की परत नाकाशी आणा, मनाला शिव्या न घालता.

आणि नायगावात डास फुकट आहेत, त्यांचा उपयोग करा. बसल्या बसल्या डास चावला तर हात हलवायचा नाही. खाज सुटते. आधी टाचणीच्या टोकाएवढी असते. मग पसरते, गरम होते, जगात दुसरं काही उरलेलं नाही असं वाटायला लागतं. इथंच बहुतेक जण खाजवतात. नाही खाजवलं तर ती अजून थोडी चढते, थरथरते, आणि मग आपली आपण उतरायला लागते. कधी गेली तेही कळत नाही, तुम्ही शोधायला जाता तेव्हा तिथं नुसती त्वचा असते. हे स्वतःच्या पोटरीवर दोन-चारदा बघितल्याशिवाय कुणी कितीही सांगितलं तरी पटत नाही. एकदा पटलं की मग रात्री साडेदहाला सेलची जाहिरात बघून बोट ‘बाय नाऊ’कडे जातं, तेव्हा तुम्हाला ती चढण ओळखीची वाटते. थांबून बघता येतं. (डेंग्यूच्या दिवसांत मात्र हा प्रयोग करू नका, मच्छरदाणी लावा. पावसाळ्यात अंगाला दुसरी खाज भरपूर सुटते.)

मुलांबद्दलच्या इच्छा वेगळ्या धरा, त्यांना कालनिर्णय पुरत नाही. त्या आपण इच्छा म्हणून ओळखतही नाही, काळजी म्हणतो. माझा मुलगा लग्नसमारंभात, जयंतीच्या कार्यक्रमात साऊंड लावायचं काम करतो. मला तो एमपीएससी करून अधिकारी व्हायला हवा होता. घरात रोज एकच प्रश्न असायचा, पुढं काय? तो रात्री दोनला केबलची भेंडोळी घेऊन यायचा आणि सकाळी चहाबरोबर मी त्याला भविष्य वाढायचो. मिसेसनं तोडगा काढला. एक महिना या घरात भविष्यकाळातला प्रश्न कुणी विचारायचा नाही. ‘करणार’, ‘होणार’, ‘घेणार’ बंद. आजचं विचारा, कालचं विचारा.

करून बघा, आधी बोलतीच बंद होते. माझ्याकडे तर विचारायला काही उरलंच नाही. मग नाइलाजानं मी विचारलं, काल कुठं होता कार्यक्रम? तो म्हणाला, चेंबूरला. आवाज कसा होता? या प्रश्नावर तो जो बोलत सुटला की चहा थंड झाला. बंद हॉलमध्ये आवाज भिंतीवर आपटून परत येतो, माईक स्पीकरच्या समोर आला की शिट्टी का वाजते, भाषण करणारा माणूस माईक छातीशी धरतो त्याचं काय करायचं. माझ्या बसमध्ये मी आयुष्यभर ओरडून बोललो, आणि घरात आवाजाचा जाणकार बसला होता. त्यानं परीक्षा द्यावी असं मला आजही वाटतं. पण ते माझ्या वहीत आहे, त्याच्या ताटात नाही.

आता जी गोष्ट सोडायची नाही ती. आहे त्यात समाधान मानायचं, याचा सोयीचा अर्थ काढणारे फार आहेत, आणि बहुतेक वेळा तो अर्थ दुसऱ्याला सांगायला काढलेला असतो. आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं गेलं. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांनी आहे त्यात समाधान मानलं असतं तर? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत तर चार आर्यसत्यांबद्दलच शंका घेतलीय. जगणं दुःख, मरणं दुःख, पुन्हा जन्मणंही दुःख, मग माणसाला आशा कुठली? ही मूळ शिकवण की भिक्खूंनी मागाहून घातलेली भर, असा त्यांचा सवाल आहे. मी काही विद्वान नाही, पण हा सवाल खिशात ठेवूनच मी हे सगळं करतो.

हाव कुठली आणि हक्क कुठला, हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. मला हवी ती गोष्ट शेजाऱ्यालाही मिळाली असं मनात आणून बघायचं. पाणी, जिन्यातला दिवा, घराची चावी, हे सगळ्यांना मिळालं तर मला बरंच वाटतं. पण सगळ्यांकडे तसाच फोन आला, सगळ्यांच्या पोरांना तेवढेच टक्के पडले, की माझ्या वस्तूची चव जाते. जिची चव जाते तिच्यासाठी डास आहेत. जिची जात नाही तिच्यासाठी अर्ज आहे.

अर्ज करतानाही शांत राहता येतं, त्याची पद्धत अशी. जिन्यातला दिवा गेला होता. मी अर्ज लिहिला, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, कार्यालयात देऊन आवक क्रमांक घेतला. पुढच्या सोमवारी चौकशीला जायचं, हे कॅलेंडरवर टाकलं. मधल्या दिवसांत त्या दिव्याबद्दल पॅसेजमध्ये चर्चा बंद. कारण चर्चेनं उजेड पडत नाही, नुसतं रक्त आटतं. अंधारात कुणी पडू नये म्हणून आमच्या मीटरवरून एक बल्ब बाहेर लटकवला. सोमवारी गेलो, नाही झालं. दुसरी तारीख लिहिली, परत गेलो. झालं. भांडण तारखेला करायचं, बाकीचे दिवस आपले.

शेवटी एक सहल सुचवतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत, शंभरहून जास्त. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला सुरुवात झाली आणि पुढची कित्येक शतकं काम चालू राहिलं. सगळे जण मोठ्या चैत्याशी, म्हणजे प्रार्थनेच्या दालनाशी, तिसऱ्या लेण्यात फोटो काढून परत फिरतात. तुम्ही पायऱ्यांनी वर जा, जिथं लहान लहान विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या खोल्या, आहेत. एखाद्या खोलीत शिरा. आत दगडातच कोरलेला ओटा, बाहेर पाण्याचं टाकं, टाक्यात पावसाचं पाणी यावं म्हणून खडकात काढलेले पाट. संपलं घर. माझी एकशे साठ फुटांची खोली त्यापुढं बंगला वाटते. तिथं राहणाऱ्या भिक्खूची मालमत्ता आठ वस्तूंची, तीन चीवरं (अंगावरची वस्त्रं), भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. पण भिंतींवरचे ब्राह्मी शिलालेखही बघा. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी दान दिल्याची नोंद आहे त्यांत. धंदा करणाऱ्या माणसांनी कमावलं, त्यातलं दिलं, म्हणून ही टाकी खोदली गेली. तेव्हा नोकरी सोडून यायच्या विचारानं जाऊ नका. ओट्यावर बसा, मघाशी सांगितलं तसा श्वास बघा, आणि फोन बंद ठेवा, नाहीतर खारघरचा झोपाळा तिथंही येईल.

उद्यानाच्या गेटपासून लेणी बरीच आत आहेत, आतल्या बसनं जावं. खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं इच्छा सोडलेली नाहीत. आणि सोमवारी जाऊ नका, उद्यान बंद असतं.